बंदर जळालं त्याची गोष्ट

आप्पांच्या सत्काराची शाल घरात आली, आणि नेमकं त्याच वेळी यज्ञेशने ओवीला पुढचं इंजेक्शन द्यायचं नाही असं सांगून टाकलं. मालिनीबाईंना दोन्ही गोष्टी एकदमच ऐकू आल्या, कारण त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. पुढच्या ओटीवर आप्पांचे जुने स्नेही भिकाजीपंत शालीचा काठ उलगडून दाखवत होते, आणि मधल्या खोलीत आप्पा-मालिनीबाईंचा मुलगा सुनेला म्हणत होता, "पहिलं दिलंस ते दिलंस, मनस्विनी. मी इथे नव्हतो. आता दुसरं नाही."

रविवारचे दहा वाजत आले होते. गुरुवारी शाळेतून येताना बाजाराच्या कोपऱ्यावर एक तांबूस कुत्रा ओवीच्या पोटरीला चावला होता. मनस्विनी बालवाडीत शिकवते, बाई धीराची. तिने आधी साबण लावून नळाखाली जखम धुतली, मग पोरीला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं आणि पहिलं इंजेक्शन देऊन आणलं. शुक्रवारी तोच कुत्रा मासळीबाजारामागे मेलेला सापडला. तो आणखी दोघांना चावला होता म्हणे. दुसरं इंजेक्शन तिसऱ्या दिवशी, म्हणजे आज, आणि डॉक्टरांचा दवाखाना रविवारी एक वाजेपर्यंतच.

यज्ञेश आठवडाभर खेडजवळ लोट्याला. तिथल्या एका कारखान्यात केमिस्ट, शनिवारी संध्याकाळी घरी यायचा. काल आला तो हातात कागदांची गुंडाळी घेऊनच. खेडच्या सायबर कॅफेत बसून छापून आणलेले. त्याच्या कॉलेजातल्या कोणा मित्राने परदेशातून ई-मेल धाडली होती. त्याला ती दुसऱ्याने धाडलेली, दुसऱ्याला तिसऱ्याने. प्रत्येक ओळीच्या आधी बाणासारख्या खुणा, कुठे तीन, कुठे सात. जितक्या हातांतून कागद फिरला तितके बाण, असं यज्ञेशनेच समजावून सांगितलं होतं. मालिनीबाईंना इंग्रजी बेताचंच यायचं, पण बाण मोजता येत होते.

"काय म्हणतंय काय त्यात?" यमुनाबाईंनी विचारलं. या आप्पांच्या धाकट्या बहीण, पालीच्या. भावाच्या पंच्याहत्तरीसाठी कालच्या एस.टी.ने आल्या होत्या आणि आल्यापासून घरातल्या प्रत्येक भांड्याची जागा बदलत होत्या.

"आत्या, तिकडे बाद झालेला माल इकडे आपल्या पोरांना टोचतात," यज्ञेश म्हणाला. "तिकडच्याच एका डॉक्टरने उघड केलंय. म्हणून त्याला नोकरीवरून काढलं. पेपरात हे येणार नाही. पेपर कोणाचे?"

"त्या डॉक्टरचं नाव काय?" मनस्विनीने विचारलं.

"नाव कसं देईल तो?"

"म्हणजे नाव नाही, गाव नाही. आणि माझ्या मुलीचं काय व्हायचं ते त्याने ठरवायचं. यज्ञेश, कुत्रा मेलाय."

चौदा वर्षांच्या संसारात सासूसमोर तिने नवऱ्याला नावाने हाक मारल्याचं मालिनीबाईंनी पहिल्यांदा ऐकलं. नेहमी 'अहो'च असायचं. सून किती घाबरलीये ते त्यांना त्यावरून कळलं.

"मी तरी काय वेगळं म्हणते," यमुनाबाई मध्ये पडल्या. "आमच्याकडे रामा आहे, मुळी उगाळून देतो. वरच्या वाडीतल्या गड्याला चावला होता, ठणठणीत आहे. सुया कशाला टोचायच्या लेकराला?"

"बघ," यज्ञेश म्हणाला.

झालं. दोन विरुद्ध एक. मनस्विनीने सासूकडे बघितलं. मालिनीबाई म्हणाल्या, "इंजेक्शन द्यायचंच," आणि दोन विरुद्ध दोन झाले. पण या घरात आजवर कुठलीही गोष्ट मोजणीने ठरली नव्हती. शेवटचा शब्द आप्पांचा असायचा, आणि आप्पा ओटीवर शाल पांघरून बघत होते.

भिकाजीपंतांचा आवाज आत आला. "कार्यक्रम आटोपशीर ठेवलाय. साडेपाचला वाचनालयात जमायचं. नारळ, शाल, मी दोन शब्द बोलेन, आणि मग श्रीपतराव, तुमचा तो किस्सा. बंदराचा. त्याशिवाय लोक उठायचे नाहीत."

"अहो, किती वेळा सांगायचा?" आप्पा म्हणाले. पण ते खूश झालेत हे मालिनीबाईंना भिंतीआडूनही समजलं.

तो किस्सा त्यांना तोंडपाठ होता. आप्पा शाळेत भूगोल शिकवत. जग बघायची हौस दांडगी आणि पगार बेताचा, म्हणून त्यांनी जग रेडिओवर आणलं होतं. व्हॉल्व्हचा मोठा संच, आणि नारळाच्या दोन झाडांना बांधलेली तार. मॉस्को लागायचं, पेकिंग लागायचं, बर्लिन लागायचं. आवाज कसा ऐकू आला, खरखर किती, हे पोस्टकार्डावर लिहून कळवलं की तिकडून रंगीत कार्डं यायची, कॅलेंडरं, मासिकं. पोस्टमन गंगाराम अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडूनच ओरडायचा, "मास्तर, रशियाने पाठवलंय." एकदा पेकिंगहून जाडजूड पाकीट आलं तर त्याच्या मागोमाग साध्या वेषातला पोलीस आला. त्याला मालिनीबाईंनी कोकम सरबत दिलं, आप्पांनी तासभर चीनच्या नद्या समजावून सांगितल्या, आणि बिचारा डोकं धरून निघून गेला.

काय दिवस होते ते. ती मासिकं कोणी वाचली असतील नसतील, पण कागद असा गुळगुळीत की आळीतल्या सगळ्या पोरांच्या वह्यांना त्याचीच कव्हरं. यज्ञेशच्या गणिताच्या वहीवर ट्रॅक्टरवर बसलेली हसरी बाई होती आणि भूगोलाच्या वहीवर बर्फातली आगगाडी. तिथली सगळीच माणसं हसरी. मालिनीबाई एकदा म्हणाल्याही होत्या, "यांच्याकडे कोणाचे दात दुखत नाहीत वाटतं?" त्यावर आप्पा असे हसले होते की चहा सांडला. संध्याकाळी रेडिओ ऐकणाऱ्यांच्या श्रोता मंडळाची मंडळी जमायची, तेव्हा पस्तीस-चाळीस जण होते. कोण कुठल्या देशाची बाजू घेऊन भांडेल याचा नेम नसे. भांडून झालं की पोहे. आता त्यातले पाचच उरले होते, आणि त्या पाचांनी मिळून ही शाल आणली होती.

तर किस्सा असा. एकाहत्तर साल, डिसेंबर, लढाई सुरू झालेली. सकाळी साडेसहाला आप्पा रेडिओचं बटण फिरवतात तर सीमेपलीकडचं एक स्टेशन लागतं, आणि बाई खणखणीत आवाजात सांगते की रत्नागिरीचं बंदर आमच्या विमानांनी बेचिराख केलं, आगीचे लोळ उठताहेत. आप्पा उठतात, चपला चढवतात आणि तडक मांडवीच्या जेटीवर. बघतात तर समुद्र शांत, दोन मचवे, आणि एक मासेवाली टोपली घेऊन बसलेली. "बाई, बंदर जळतंय म्हणे." "मास्तर, डोकं जळतंय तुमचं." इथे लोक हसतात. मग आप्पा एक बोट वर करून म्हणतात, "जगाने काहीही सांगू दे. आपण जेटीवर जाऊन बघायचं."

मासेवाली ऐंशी सालाच्या आसपास गोष्टीत शिरली. दोन मचवे त्याच्याही नंतर आले. मालिनीबाई सगळं मनात टिपून ठेवत आल्या होत्या आणि चौतीस वर्षं गप्प होत्या.

भिकाजीपंत गेले. आप्पा शाल घडी करून आत आले, आणि सगळ्यांचे चेहरे बघून त्यांनी चष्मा लावला. "काय झालं?"

यज्ञेशने कागद पुढे केले. आप्पांनी दोन्ही पानं सावकाश वाचली. ओवी पलीकडच्या खोलीत पाय लांब करून चित्रं रंगवत होती, तिची पट्टी बांधलेली पोटरी दारातून दिसत होती.

"अरे, हा आवाज मी ओळखतो," आप्पा म्हणाले. "आयुष्यभर ऐकलाय. पहिल्यांदा सांगायचं की तुमच्यापासून लपवलंय, मग सांगायचं की आम्हीच तेवढे तुमचे. पेकिंगचं हेच, मॉस्कोचं हेच, अमेरिकेचंही हेच. माझं बंदर जळालं तेव्हा—"

"तेच म्हणतोय मी, आप्पा," यज्ञेशने त्यांना तोडलं. बापाला मध्येच तोडणारा मुलगा नव्हता तो, पण त्याचे डोळे चमकत होते. "तुम्ही काय केलंत? रेडिओवर विसंबलात? सरकारी बातमीची वाट बघत बसलात? नाही. तुम्ही स्वतः जाऊन बघितलंत. मी लहानपणापासून तेच ऐकत आलोय. सगळं जग एक सांगतंय, पण माझा बाप जेटीवर गेला. मीही तेच करतोय. दोन रात्री कॅफेत बसून बघितलं. अकरा वर्षं कारखान्यात आहे, कागदावर काय लिहितात आणि पिंपात काय असतं ते मला माहीत आहे. डॉक्टर सांगतो म्हणून मान डोलवायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

आप्पांचं वर उचललेलं बोट तसंच राहिलं, मग हळूच खाली आलं. मालिनीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं आणि त्यांनी नजर चुकवली.

"बरं, बघू," असं काहीतरी पुटपुटत आप्पा स्वयंपाकघरात आले. पाणी प्यायला. मालिनीबाईंनी त्यांच्या मागून येऊन दार लोटलं.

"सांगा त्याला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"काय ते तुम्हाला माहीत आहे."

आप्पांनी तांब्या खाली ठेवला. "मालिनी, आज संध्याकाळी—"

"मला ठाऊक आहे आज संध्याकाळी काय आहे. त्यासाठीच्या पोळ्या मीच करतेय."

"इतकी वर्षं झाली. कोणाचं काही बिघडलं का त्याने? लोक हसतात, शहाणे होतात. गोष्टच ती."

"आजपर्यंत नव्हतं बिघडलं," मालिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण हातातलं उलथनं त्यांनी ओट्यावर ठेवून दिलं. "तुमची गोष्ट धरून तो बसलाय. तुम्ही जेटीवर गेलात म्हणून तो कॅफेत गेला. मनस्विनी सांगून दमली, मीही सांगितलं. त्याच्या हातून ती गोष्ट काढून घेतल्याशिवाय तो उठायचा नाही, आणि ती तुमच्याखेरीज कोणाला काढता येणार? तुम्ही सांगता की मी सांगू?"

आप्पा खिडकीतून बाहेर बघत राहिले. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, पण खालचा ओठ लहान मुलासारखा दुमडला होता. मालिनीबाईंना त्यांची फार कणव आली. दुसरं काय होतं त्यांच्याकडे? परदेश कधी बघितला नाही, हेडमास्तर झाले नाहीत. अख्ख्या रत्नागिरीत ही एक गोष्ट त्यांच्या नावावर होती.

"मला मेलीला आवडते हो ती गोष्ट," त्या म्हणाल्या. "मासेवालीसकट. पण ओवी आहे आपली."

आप्पांनी डोळे पुसले, चष्मा पुन्हा लावला आणि दार उघडलं.

ते खुर्चीवर बसले नाहीत. मुलासमोर उभे राहिले आणि वर्गात धडा सुरू करावा तसे म्हणाले, "यज्ञेश, मी जेटीवर गेलो नव्हतो."

"कधी?"

"कधीच. त्या सकाळी मी पळालो."

यमुनाबाईंच्या हातातली सुपारी तशीच राहिली. "अरे देवा," त्या म्हणाल्या, "सांगितलंस एकदाचं."

मग आप्पांनी सगळं सांगितलं. बाईचा आवाज खणखणीत होता, इथपर्यंत गोष्ट खरी. ते अंगणात आले आणि त्यांनी बंदराच्या दिशेने बघितलं, तर खरंच धूर. एक लोळ नाही, दहा, वीस. सगळ्या गावावर धूर. "डिसेंबरची सकाळ," आप्पा म्हणाले. "घरोघरी न्हाणीतल्या चुली पेटलेल्या. आंघोळीचं पाणी तापत होतं लोकांचं. रोज असायचा तो धूर, जन्मभर बघितलेला. आमच्या न्हाणीतूनही निघत होता, माझ्या पाठीमागून. पण त्या दिवशी मला तो जळणाऱ्या बंदराचा दिसला. तिने सांगितलं होतं ना, मग तसाच दिसला."

"मग?"

"मांडवी वीस मिनिटांवर. गेलो असतो तर सातला घरी येऊन चहा प्यायलो असतो. नाही गेलो. तुला उचललं, हिला म्हटलं चल. आईला म्हटलं, निघ. आई म्हणाली, पाणी तापलंय, मी आधी आंघोळ करणार. मी आईला तिथे सोडून निघालो."

मालिनीबाईंना सासूबाई डोळ्यांसमोर दिसल्या, गंगुबाई, खांद्यावर नऊवारी टाकून न्हाणीकडे निघालेल्या. वळूनसुद्धा बघितलं नव्हतं त्यांनी.

"नाचणे, कुवारबाव, हातखंबा. चालत. मग एक ट्रक मिळाला पालीपर्यंत," आप्पा म्हणाले. "यमीच्या दारात उतरलो."

"पायात दोन वेगळ्या चपला होत्या तुझ्या," यमुनाबाई म्हणाल्या. "एक तुझी, एक वहिनींची. आणि छातीशी रेडिओ. मी विचारलं, आई कुठेय, तर म्हणालास, येईल मागून. मी तुझं ऐकून दागिने तांदळाच्या कणगीत खुपसले. शेजाऱ्यांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना. संध्याकाळपर्यंत निम्मी पाली डोंगरात जायला निघाली होती." त्या थांबल्या. मग भाच्याकडे न बघता म्हणाल्या, "ते रामाच्या मुळीचं मी बोलले ते सोड. मला काय कळतंय. मी कोणाचंही ऐकते."

"तिसऱ्या दिवशी परत आलो," आप्पा म्हणाले. "वाटेत तोंड कसं दाखवायचं याची धास्ती. गडग्यापाशी भिकाजी उभा. म्हणतो, काय श्रीपतराव, जेटीवर जाऊन बघून आलात म्हणे, शाबास. आईने आळीभर सांगून ठेवलं होतं. माझा श्रीपती बघायला गेलाय, आणि तिथूनच बहिणीकडे गेला. पोराची लाज राखली तिने. मी फक्त 'हो' म्हणालो. तेवढंच, एक 'हो'. पुढचं सगळं आपोआप वाढत गेलं."

यज्ञेश कॉटवर बसला होता. हातातले कागद त्याने गुडघ्यावर ठेवले होते. तो चिडेल, ओरडेल असं मालिनीबाईंना वाटत होतं, आणि मनस्विनीलाही तसंच वाटत असावं, कारण ती दारात जाऊन ओवीला आडोसा करून उभी राहिली होती. पण तो भलत्याच गोष्टीकडे वळला.

"ट्रकमध्ये काय होतं?" त्याने विचारलं.

"कौलं," मालिनीबाई म्हणाल्या.

"कौलं," तो म्हणाला. "पेंढा घातलेली. माझी चड्डी लाल झाली होती. आणि आत्याकडे कोणीतरी मला गरम भजी दिली, त्याने तोंड भाजलं."

"मीच दिली," यमुनाबाई म्हणाल्या.

"मी चौथीत असताना निबंधात लिहिलं होतं हे," यज्ञेश आप्पांकडे बघत म्हणाला. त्याचा आवाज आता अगदी हळू होता. "माझा अविस्मरणीय प्रवास. कौलांचा ट्रक, लाल चड्डी, भजी, लढाई. तुम्ही वही बघितलीत आणि हसलात. म्हणालात, बाळ, तुला स्वप्न पडलं असेल. लढाईत आपण घरीच होतो, मी जेटीवर गेलो होतो. तुम्ही माझ्याच हाताने ते खोडायला लावलंत, आप्पा. मी खोडलं. तेव्हापासून मला वाटतं की मला नीट आठवत नाही. कुठलीच गोष्ट. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तरी वाटतं, कोणीतरी शहाणा माणूस येऊन सांगेल की असं नव्हतंच, खरं वेगळंच आहे."

आप्पा कॉटच्या कडेवर मुलाशेजारी बसले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवायला घेतला, पण तो पोहोचलाच नाही.

तो निबंध मालिनीबाईंना आठवत होता. त्या तिथेच तांदूळ निवडत होत्या. पोराने मान वर करून आपल्याकडे बघितलं होतं, आई तरी सांगेल म्हणून, आणि आपण खडा शोधल्यासारखं करून सुपात बघत राहिलो होतो. नवऱ्याची लाज राखायची होती. सासूबाईंनी राखली तशीच. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी एकोणचाळीस वर्षांच्या मुलाचं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

"तुला स्वप्न पडलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुला बरोबर आठवतंय. अर्धी वाट तू चाललास, अर्धी माझ्या कडेवर होतास. हातखंब्याला तुला तहान लागली होती. सगळं झालं होतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

घड्याळात पावणेबारा झाले होते. शेवटी आप्पा म्हणाले, "यज्ञेश, माझं ऐक असं मी आता कोणत्या तोंडाने म्हणू? माझं ऐकू नकोस. पण मी घरात बसून धूर बघितला. तू दोन रात्री बसून तेच केलंस. दवाखाना पंधरा मिनिटांवर आहे. ते कागद घेऊन जा, डॉक्टरांच्या टेबलावर ठेव, हवं ते विचार. भांड. पण तिथे जाऊन भांड. पोरीला बरोबर घेऊन जा."

यज्ञेश उठला. त्याने कागद घडी करून खिशात घातले आणि मनस्विनीला म्हणाला, "तिला चप्पल घाल." तिची चप्पल केव्हाच घालून झाली होती. स्कूटर फाटकातून बाहेर पडली तेव्हा मधे ओवी, मागे मनस्विनी, आणि मनस्विनीने नवऱ्याचा शर्ट मुठीत धरला होता.

तो दीड तास कोणी काही खाल्लं नाही. यमुनाबाईंनी भांडी मूळ जागेवर लावली. आप्पा ओटीवर फाटकाकडे तोंड करून बसून राहिले, शाल आतच होती.

दीडला स्कूटर आली. ओवी उतरून थेट आजीकडे आली आणि तिने दंडावरचा कापूस दाखवला. "एकच रडले," ती म्हणाली. "पुढचं गुरुवारी आहे. मग अजून दोन."

"एकदाच रडले," मनस्विनीने सुधारलं, आणि ती स्वतःच रडायला लागली.

यज्ञेश बापाशेजारी ओटीवर टेकला. "दोन्ही पानं वाचली त्यांनी," तो म्हणाला. "दवाखाना बंद करायची वेळ झाली तरी वाचली. एकेका ओळीचं उत्तर दिलं. काही ठिकाणी म्हणाले, हे मला माहीत नाही, बघून सांगतो. मग म्हणाले, मी उमेदवारीत असताना असा एक पेशंट बघितलाय. पाण्याचा पेला पुढे केला तर माणूस भिंतीला जाऊन चिकटायचा. आठवड्यात गेला. तो मी बघितलाय, म्हणाले, माझ्या डोळ्यांनी." त्याने आप्पांकडे बघितलं. "मला तेवढं पुरलं."

संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत वीसेक माणसं होती, त्यात पाच श्रोता मंडळाची. नारळ झाला, शाल झाली, भिकाजीपंतांचे दोन शब्द वीस मिनिटं चालले. "आणि आता," ते म्हणाले, "ज्याची आपण वाट बघतोय."

आप्पा उभे राहिले. टाळ्या थांबेपर्यंत त्यांनी वाट बघितली. पुढच्या रांगेत बसलेल्या मालिनीबाईंकडे त्यांनी एकदा बघितलं.

"ती गोष्ट आज मी सांगणार नाही," आप्पा म्हणाले. "मी जी सांगत आलो ती मी बघितलेली नाही. ज्याने बघितली तो इथे आहे, आणि त्याला मी एकदा खोटं पाडलं होतं. त्याने सांगायची, मी ऐकायची." आणि ते खाली बसले.

खोलीत कुजबुज झाली. यज्ञेश शेवटच्या रांगेत होता. तो पुढे आला, शर्टाची बाही दोनदा खाली ओढली. त्याला चार माणसांत बोलायची सवय नव्हती.

"मी पाच वर्षांचा होतो," तो म्हणाला. "आम्ही पालीला पळालो होतो. कौलांच्या ट्रकमधून. आप्पांच्या मांडीवर मला बसायचं होतं, पण तिथे रेडिओ होता."

सगळ्यात आधी आप्पा हसले. मग बाकीचे. भिकाजीपंत तेवढे हसले नाहीत. चौतीस वर्षं गडग्यापाशी ऐकलेल्या त्या 'हो'वर उभा असलेला माणूस तो, त्याला काही सुधरेना. त्यांनी मान वळवून मालिनीबाईंकडे बघितलं, हे काय भलतंच, असं.

मालिनीबाई उठून उभ्या राहिल्या, म्हणजे मागच्यांनाही ऐकू जाईल.

"खरं आहे ते," त्या म्हणाल्या. "मी होते तिथे."